मनोगत व्यक्त केले

जिन्यात परराष्ट्रमंत्री भेटले. म्हणजे आमच्या राज्यशास्त्र विभागात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणारे प्राध्यापक. हे नाव मुलांनी ठेवलं आहे आणि त्यांना ते मनातून आवडतं. मी वर जात होते, ते खाली येत होते. वाटेतच थांबून त्यांनी काखेतली फाइल दुसऱ्या काखेत घेतली आणि म्हणाले, "काय बोललात हो परवा! तुमच्यात हे पाणी असेल असं वाटलं नव्हतं." मी हसले. त्यांची थट्टा अशीच असते, आधी फूल आणि मागून काटा. म्हटलं, "आले नाही म्हणून टोमणा मारताय ना? मारा." "आला नाहीत कसं? पहिल्या रांगेत होतो मी. माईक बाजूला सारलात आणि विचारलंत, 'मागच्या बाकावर ऐकू येतंय का?' तिथं मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेली पोरं ताठ झाली. मीही झालो, खोटं कशाला बोलू!" त्यांना तासाला उशीर होत होता, ते गेले. मी कठड्यावर हात ठेवून तिथंच उभी राहिले. आमच्या जिन्याचा कठडा बाराही महिने जरा चिकट असतो.

परवा मी विभागात पाऊलही टाकलं नव्हतं. परवा सकाळपासून रात्रीपर्यंत मी इस्पितळात बाबांच्या उशाशी बसले होते. सोमवारी संध्याकाळी बाबा न्हाणीघरात पडले, उजवी बाजू लुळी पडली, जीभ वळेना. आणि मंगळवारी संध्याकाळी आमचा गुणगौरवाचा कार्यक्रम. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशातली गत. यंदा विभागाचं बरं चाललंय. परराष्ट्रमंत्र्यांचं पुस्तक आलं, एका संशोधक मुलीला परदेशातली शिष्यवृत्ती मिळाली, आमच्या विभागप्रमुख बाई कुठल्याशा समितीवर गेल्या, आणि माझ्या अभ्यासाला विद्यापीठाचं संशोधन पारितोषिक मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला व्यासपीठावर बोलावून काहीतरी देणार होतं. मंगळवारी सकाळी मी इस्पितळाच्या व्हरांड्यातून बाईंना फोन केला, येत नाही म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, बाबा आधी. कार्यक्रमाचं काय, होईल तो." फोन ठेवल्यावर मला रडू आलं. बाबांसाठी आलं असं मी शेजारच्या बाकावरच्या बाईला भासवलं. थोडं पारितोषिकासाठीही होतं.

वर पोचेपर्यंत मी स्वतःची समजूत घातली होती. विभागवार्ता. नक्कीच विभागवार्तेचा घोळ. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आमच्या बातम्या चढवणाऱ्या मंडळींना संध्याकाळी घरी जायची घाई असते, त्यामुळे आज होणाऱ्या कार्यक्रमाची बातमी त्यांना कालच हवी असते. म्हणून कित्येक वर्षं आम्ही सगळं आदल्या दिवशी भूतकाळात लिहून देतो. कार्यक्रम उत्साहात पार पडला. मान्यवर मोठ्या संख्येने उपस्थित होते. अमुक यांनी मनोगत व्यक्त केले. हे लिहायचं काम माझ्याकडे. एकदा बरं लिहून दाखवलं आणि कायमचं गळ्यात पडलं, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. एका वर्षी पाहुणे आलेच नाहीत, गाडी वाटेत बंद पडली. बातमीत मात्र त्यांनी विद्यार्थ्यांना मोलाचं मार्गदर्शन केलं होतं. पुढे ते पाहुणे एकदा भेटले तेव्हा म्हणाले, "तुमची मुलं फार चौकस हो, किती प्रश्न विचारले!" आमच्या कारकुनाने त्यांना पाणी आणून दिलं आणि नंतर मला म्हणाला, "छापून आलं ना मॅडम, मग झालंच ते." आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. तेव्हा मला त्यात भिण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

सोमवारी दुपारी, बाबा पडायच्या आधी, मी माझीही बातमी लिहून दिली होती. स्वतःबद्दल भूतकाळात लिहिताना जरा लाज वाटली, जरा गुदगुल्याही झाल्या. त्यांनी सत्काराला उत्तर देताना मनोगत व्यक्त केले. तीच चढली असणार, तीच परराष्ट्रमंत्र्यांनी वाचली असणार, आणि बाकीचं त्यांच्या डोक्याने भरलं असणार. अशी माणसं तर माझा विषय आहेत. निवडणुकीचा निकाल लागला की आम्ही घरोघरी जाऊन विचारतो, मत दिलंत का, कुणाला दिलंत? जिंकलेल्या उमेदवाराला जितकी मतं पडली त्याहून कितीतरी जास्त लोक सांगतात, आम्ही त्यालाच दिलं. जे मतदानाला गेलेच नव्हते तेही सांगतात. मला एक निवृत्त शिंपी भेटला होता. मतदार यादीवरच्या खुणेप्रमाणे तो त्या दिवशी केंद्राकडे फिरकला नव्हता, पण रांगेत त्याच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या कोटाची शिवण खांद्यावर कशी उसवली होती ते तो मला बोटाने माझ्या खांद्यावर दाखवत होता. तो खोटं बोलत नव्हता. माझ्या निबंधातलं बाईंना आवडलेलं वाक्य असं की, अशा माणसांची आठवण निकाल लागल्यावर जिंकलेल्या बाजूला जाऊन उभी राहते. पारितोषिक त्याच निबंधाला होतं.

व्हरांड्यातल्या काचेच्या फळ्यात फोटो लावला होता. उंच मेज, त्यामागे मी. तोंड जरा बाजूला वळलेलं, ओठ कुठल्यातरी शब्दावर उघडलेले. मी आधी हसून बघितलं, मग जवळ जाऊन, मग काचेला नाक लागेपर्यंत. मागच्या फलकावर यंदाचं साल होतं. केस माझे, कपाळ माझं, भुवया चढवल्यावर पडणारी ती आठीही माझीच. फक्त मी डाव्या हातात पेन धरलं होतं आणि ते मुलांवर रोखलं होतं. मी डाव्या हाताने दार उघडायला गेले तरी धडपडते. फोटो उलटा छापला असेल म्हटलं, तर फलकावरची अक्षरं सुलटी होती. मागून मुलींचा घोळका गेला, एक म्हणाली, "मॅडम, अभिनंदन, तुम्ही आमच्या वर्गात असं का नाही हो बोलत?" मी "बघू, बघू" असं काहीतरी म्हटलं. माझा श्वास काचेवर बसला होता. तो मी बाहीने पुसला, नीट, सगळीकडून.

त्या संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. धाकटा म्हणजे माझा भाऊ, दूरच्या शहरात असतो, त्याला रविवारखेरीज सुटी मिळणार नव्हती. "ताई, मंगळवारी बाबांजवळ कोण होतं?" "मी होते की. सांगितलं ना तुला." "दिवसभर?" "दिवसभर." तो म्हणाला, "तुमच्या विभागाचं पान बघतोय मी. तुझा फोटो आहे." मी त्याला बातम्या आदल्या दिवशी लिहायची आमची रीत सांगायला लागले. माझं मलाच ते फार लांबण लावल्यासारखं वाटलं. "आणि फोटोही आदल्या दिवशी काढता का?" तो म्हणाला. "हे बघ, गेली होतीस तर गेले म्हणायचं. मी काय तुला फाशी देणार होतो? पण बाबांना त्या अवस्थेत एकटं टाकायचं आणि वर मला सांगायचं की उशाशी बसले होते... रविवारी येतो. डॉक्टरांना विचारून बाबांना इकडे घेऊन येतो. तू तुझी बक्षिसं घे." मी "अरे ऐक" म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता. बाबा आणि मी, आम्ही दोघंच राहतो त्या घरात. सकाळी ते वर्तमानपत्राची पुरवणी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात आणि मी ती कधीच वाचत नाही, तरी ठेवतात. ते घरातून गेले तर मागे नुसत्या भिंती राहतील, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं आणि मी घाबरले.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. विचारायचं तरी कसं? माणूस दुसऱ्याला विचारतो, तू आला होतास का? मी आले होते का, असं कुणी विचारतं? विचारलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताण आलाय तुला. साहजिक आहे. अगं, मला वाटलं तू येणार नाहीस, मी तुझं नाव गाळायला सांगतच होते, तेवढ्यात तू मागच्या दाराने आलीस. बोललीस, छान बोललीस, आणि चहासुद्धा न घेता निघालीस. मी म्हटलं, थांब जरा, तर म्हणालीस, 'नको, पोर एकटीच बसलीय तिकडे.' मला कळेना, तुला कुठली पोर? म्हटलं, बाबांच्या काळजीत बोलली असेल काहीतरी." त्यांनी माझा हात हातात घेतला. "त्या दिवशी हात केवढा गार होता तुझा! आज बरा आहे." मी खाली टेबलाकडे बघत राहिले. काचेखाली बाईंच्या नातवाचं चित्र होतं, घर, डोंगर आणि डोंगराएवढं माणूस. उठताना माझा पाय खुर्चीत अडकला.

आई शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. नेमकं हे आत्ता का आठवावं, असं मी बसमध्ये स्वतःला दोनदा विचारलं, जसं काही मला ठाऊकच नव्हतं. ती डावखुरी होती, फळ्यावर लिहिताना तिची डावी बाही खडूने पांढरी व्हायची आणि घरी आल्यावर ती दारातच बाही झटकायची. आवाज असा, की शेवटच्या बाकावरचा पोरगाही दचकावा. मी तिच्याच शाळेत, तिच्याच वर्गात, शेवटच्या बाकावर बसायचे, तिच्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं. मागच्या बाकावर ऐकू येतंय का? ते वाक्य ती सगळ्या वर्गाला विचारायची आणि बघायची माझ्याकडे. मी मान हलवायचे. तोंडाने उत्तर दिल्याचं आठवत नाही. वक्तृत्व स्पर्धेत तिने माझं नाव घातलं होतं, तेव्हा मी आयत्या वेळी पोट धरून बसले, तिने माझ्याकडे बघितलं, ओळखलं आणि म्हणाली, "बरं, तू बस, मी जाऊन येते." आणि परीक्षकांना काय सांगायचं ते सांगून आली. हे तिचं ठरलेलं होतं. वीजबिलाची रांग, बँक, माझ्या कॉलेजचा प्रवेश, धाकट्याने फोडलेली शेजाऱ्यांची काच. तू बस, मी जाऊन येते. कुठल्याच कामाला तिने आम्हांला उठवलं नाही. शेवटी स्वतःच्या तपासणीला इस्पितळात निघाली तेव्हाही बाबा चप्पल शोधत होते, तर म्हणाली, "तुम्ही बसा हो, मी जाऊन येते." तेवढ्या एकाच वेळी ती आली नाही. तेव्हा मी नुकतीच विभागात लागले होते, आणि लोक म्हणायचे, आईचं तोंड घेऊन आलीय पोरगी. आता तर मी तिच्या त्या वयाला पोचले आहे.

इस्पितळात पोचले तोवर दुपार कलली होती. मी विभागात असताना शेजारच्या काकू बाबांजवळ बसायच्या, त्या मला बघून उठल्या आणि घरी गेल्या. बाबा झोपले होते. पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची. मी माझ्या खुर्चीवर बसले आणि मंगळवार आठवायला घेतला, माझ्याच प्रश्नावलीतले प्रश्न स्वतःला विचारत. तुम्ही त्या दिवशी कुठे होता? इथे. काय दिसत होतं? सलाईनचा थेंब, छतावर पंख्याभोवती जमलेली काजळी, बाबांच्या उजव्या पायाची नखं, वाढलेली. काय केलंत? पाय चोळला. आणखी काय आठवतं? पर्स. पलीकडच्या खुर्चीवर मी पर्स ठेवली होती, आणि रात्री उठले तेव्हा ती माझ्या मांडीवर होती. मधे केव्हा उचलली, आठवत नव्हतं. डोळा लागला असेल. बस, एवढंच. आणि मग मला त्या शिंप्याच्या बोटाचा स्पर्श खांद्यावर झाला. उसवलेली शिवण. छतावरची काजळी. फरक काय आमच्यात? त्याच्या गावात जो उमेदवार जिंकला त्याच्या बाजूला तो जाऊन उभा राहिला. माझ्या घरात कोण जिंकायला हवं होतं? चांगली मुलगी. बक्षीस सोडून बापाच्या उशाशी बसणारी. मग माझी आठवण तिच्या बाजूला गेली नसेल कशावरून? पाय मी बुधवारीही चोळला होता, गुरुवारीही. त्यातलीच एखादी दुपार उचलून मी मंगळवारी नेऊन ठेवली असेल. पन्नास माणसं सांगतात मी तिकडे होते. इकडे होते असं सांगणारी मी एकटी, आणि माझ्यासारख्या साक्षीदाराचं काय करायचं ते मीच निबंधात लिहून ठेवलं आहे. मला त्या निबंधाचा संताप आला. त्यातली सगळी माणसं मी किती हुशारीने खोटी पाडली होती.

मंगळवारची नर्स दुसऱ्या मजल्यावर गेली होती. मी जिना चढून तिला गाठलं. ती इंजेक्शनचा ट्रे घेऊन घाईत होती. "मंगळवार? अहो मॅडम, मला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही." मग माझा चेहरा बघून थांबली. "थांबा. तो कोपऱ्यातला पलंग ना? हां. संध्याकाळी सलाईन बदलताना मला पायथ्याकडून वळसा घालून यावं लागलं, दोन्ही खुर्च्या भरलेल्या होत्या म्हणून. चिडले होते मी, एका पेशंटपाशी एकच माणूस म्हणून पाटी आहे ना बाहेर." मी म्हटलं, "एका खुर्चीवर माझी पर्स होती." "पर्सला कोण वळसा घालतं?" ती म्हणाली आणि गेली. मी खाली आले. व्हरांड्यात फिनाइलचा वास होता आणि त्यात खडूचा होता की नव्हता ते मी नाकाला ठरवू दिलं नाही. नाक दाबून चालत आले.

रविवारी धाकटा आला. प्रवासाने चुरगळलेला, हातात फळांची पिशवी, दाढी वाढलेली. माझ्याशी "बरी आहेस?" एवढंच बोलला. पलीकडच्या खुर्चीवर माझी पर्स होती, ती त्याने उचलून बाबांच्या अंगावरून माझ्याकडे दिली आणि तिथं बसला. मी ती मांडीवर घेतली. बाबांची जीभ शनिवारपासून वळायला लागली होती, शब्द जड यायचे, पण यायचे. मी त्यांना काही विचारलं नव्हतं. विचारायचं ठरवायचे आणि त्यांची दाढी करायला घ्यायचे. धाकट्याने मात्र वेळ घालवला नाही. त्याने बाबांचा हात धरला आणि विचारलं, "बाबा, मंगळवारी ताई तुमच्याजवळ होती का?" मला उठून जावंसं वाटलं. पर्सचा बंद मी बोटाला इतका गुंडाळला की बोट पांढरं पडलं.

"होती," बाबा म्हणाले. "सकाळपासून. पाय चोळत होती." होते मी. होते. धाकट्याचे खांदे खाली आले. "आणि संध्याकाळी?" "संध्याकाळी पण. तुझी आई आली होती ना तेव्हा." धाकट्याने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग उरला नव्हता, नुसती कीव होती, बाबांची आणि माझीही. म्हणजे झालं, ही साक्षही गेली. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "हो का? मग?" बाबा डोळे मिटून, एकेक शब्द चाचपत बोलायला लागले. "हिने पर्स उचलली. तिला जागा दिली. ती बसली, तिथं, तू बसलास तिथं. मला म्हणाली, जास्त बोलू नका. मग हिला म्हणाली, तुझं भाषण आहे ना गं आज? ही काही बोलेना. नुसती मान हलवली. लहानपणी हलवायची तशी. तर म्हणाली, बरं, तू बस. मी जाऊन येते."

धाकट्याने खिशातून मोबाइल काढला. फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. तो कुठे बघत होता ते मला इकडूनही कळत होतं. त्याला पहिली अक्षरं आईने तिच्या त्याच डाव्या हाताने गिरवायला शिकवली होती, म्हणून तो सुरुवातीला डाव्या हाताने लिहायचा आणि शाळेत मार खायचा. मी त्याला परराष्ट्रमंत्र्यांनी काय ऐकलं ते सांगणार होते, बाईंना कुणाचा हात गार लागला तेही सांगणार होते, पण त्याचा चेहरा बघून राहू दिलं. तो लहानपणी तापात दिसायचा तसा दिसत होता. बाबांना नेण्याबद्दल तो काही बोलला नाही. पलीकडच्या पलंगावरचा म्हातारा खोकला, एक ट्रॉली खडखडत गेली.

बाबांनी डोळे उघडले, आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. "आली का गं ती परत?"

मला खोटं बोलता आलं नाही आणि खरं काय ते माहीत नव्हतं. "नाही अजून," मी म्हटलं. धाकटा सावकाश खुर्चीवरून उठला. ती भिंतीपासून जरा पुढे ओढून त्याने नीट लावली, आणि पलंगाला वळसा घालून माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.